स्वस्त वीज

सेव्हिल. जुलै. दुपारचे चार.
ओब्दुलियानं पट्ट्यांचे पडदे नवालाच ओढले,
घर मांजरासारखं डोळे मिटून पडलंय.

एसी आहे भिंतीवर. त्याच्यावर
तिनं क्रोशाचा रुमाल घातलाय,
नवऱ्याच्या रेडिओवर आहे तसाच.
जूनचं बिल फ्रिजला, लिंबाच्या चुंबकाखाली:
एकशे ब्याऐंशी युरो.
पाणी काढताना ती तिकडे बघत नाही.

रात्री बारानंतर वीज स्वस्त.
बाराला अख्खी इमारत उठते,
तिसऱ्या मजल्यावर इस्त्री, दुसऱ्यावर ओव्हन,
आणि भिंतीभिंतींतून
वॉशिंग मशिनं घुमायला लागतात.

रात्रपाळीतून मुलाचा फोन, हॅनोव्हरहून.
"आई, एसी लावलायस ना?"
ती फोन मशिनजवळ धरते.
"ऐक."
तो ऐकतो. बरं वाटतं त्याला.

दीड वाजता गच्चीवर पिळलेल्या चादरी,
ती, आणि खालचा फेर्मीन.
लगेच कुणी वाळत घालत नाही.
ओलं कापड खांद्यावर घेऊन
दोघं नुसते उभे,
मानेवरून थेंब पाठीत उतरू देत.

"तुम्हाला किती आलं?" फेर्मीन विचारतो.
ती सांगते,
चाळीस युरो कमी करून.
तो मान हलवतो,
"आम्हालाही तेवढंच."