आधी पूर्णविराम

तावेतच्या सगळ्या फायलींची नावं टिंबाने सुरू होतात.
म्हणजे आधी पूर्णविराम, मग नाव.
अशा फायली सहज बघणाऱ्याला दिसत नाहीत,
मागाव्या लागतात.

मी मागितल्या. त्याच्या निवृत्तीला आठ दिवस होते,
तार्तूचा बस-डेपो, रात्रपाळी, डिसेंबर,
बाहेर उणे एकोणीस,
आणि त्याचा डेस्कटॉप: ना चिन्ह ना चित्र,
काळ्यावर राखाडी अक्षरं,
खिडक्या एकमेकींना खेटून, फरशी बसवावी तशा.

'देतो,' म्हणाला, 'पण आधी झाडून घेऊ दे.'
दोन रात्री बसला होता.
पासवर्ड काढले. घरच्या वायफायचं नाव काढलं,
ते बहुधा कुत्र्याचं होतं.
एका ओळीपाशी थांबला, कॉफी गार होईस्तोवर,
मग ती तशीच ठेवली.

घरी आणून मी सगळं चढवलं
आणि माझंच मशीन मला ओळखेना.
एक खिडकी मिटायला गेलो तर दुसरी उघडली.
दुपारी सव्वातीनला स्क्रीन आपोआप पिवळी झाली,
इथे डिसेंबरात सूर्य तेव्हाच मावळतो;
उन्हाळ्याचं काय, ते त्याने लिहिलंच नव्हतं.

आठवडाभराने लक्षात आलं,
डावा हात नुसता बसून असतो.
करंगळी आणि तिच्या शेजारची, दोघींना कामच नाही.
हुकूम सगळे उजवीकडे सरकलेले,
पंगतीतून कुणी मध्येच उठून गेल्यावर
बाकीचे सरकून घेतात तसे.

अकरा वर्षं मी त्याच्या शेजारी बसलो.
ती दोन बोटं वोरूच्या लाकूडगिरणीत राहिली, माहीत होतं.
त्याचा लोकरी हातमोजाही पाहिला होता खुंटीवर,
आईने दोन बोटांच्या जागा विणल्याच नव्हत्या.
पण हातमोजा पाहणं वेगळं
आणि त्यात आपला हात घालणं

मग ओळन् ओळ वाचत बसलो.
ज्या ओळीआधी जाळीची खूण असते
ती यंत्र वाचत नाही, ओलांडून जातं.
ती माणसासाठी असते.
'हे का चालतं कळत नाही. हात लावू नये.'
'अक्षर बावीस. आई रविवारी फोटो बघायला येते.'
खाली, चार वर्षांनी: 'अक्षर पुन्हा बारा.'
बस, एवढंच.
आणि रंगांच्या यादीत: 'निळा नको, हेल्यूचे डोळे दुखतात.'
हेल्यू कोण, डेपोत कुणालाच ठाऊक नाही.

मी फार नाही बदललं.
डाव्या करंगळीला आवाज कमी-जास्त करायला लावलं,
जूनचा सूर्य घातला, जो जवळजवळ मावळतच नाही.
अक्षर चौदा.
निळा आणला नाही.

काल पाळीवर नवी मुलगी आली, पिरेत.
म्हणाली, 'तुमची स्क्रीन अशी का? मला देता?'
देतो, म्हटलं, जरा झाडून घेऊ दे.
फाइल उघडली. अगदी वर, त्याच्या नावाखाली
जाळीची खूण घालून लिहायला लागलो:
'दोन बोटं कमी धरून वाचावं'
आणि अडलो. हे झाडायचं की ठेवायचं,
त्याला फोन करून विचारावं, तर रात्रीचे तीन.

पाच नंबरची बस डेपोत शिरत होती,
रिकामी, सगळे दिवे लावून.