कंचेभागुबेव

सोहारच्या कॅम्पात, खोली क्रमांक चौदा,
एसीतून ठिबकणाऱ्या पाण्याखाली बालदी,
तिच्या शेजारी मांडी घालून
रोमेलनं खुब्जच्या पाकिटावर लिहिलं:
बारा भागिले तीन गुणिले दोन.
हरेल त्यानं चहा आणायचा.

मी म्हटलं, आठ.
रोमेल म्हणाला, दोन.
त्याच्या शाळेतल्या सूत्रात
गुणाकाराचं अक्षर भागाकाराच्या आधी.
हिशेबखात्यातला साब्री, मन्सुराचा,
नेहमीच्या सवयीनं उजवीकडून निघाला
आणि अर्ध्यावर पोचला.
म्हणजे उत्तरच अर्धा.

एकाच पाकिटावर तीन देश,
कुणी मागे हटेना.

मग मी घसा खाकरून म्हटलं, कंचेभागुबेव.
साब्रीनं विचारलं, हे कुठल्या पिराचं नाव?
मी बोटं मोडत सांगू लागलो:
कं म्हणजे कंस,
आणि 'चे'पाशी अडलो.
'चे' कसा सांगायचा मोडक्या हिंदीत?
पावाचे, अर्ध्याचे...
कुणाचं किती, ते आधी बघायचं, असं काहीतरी.
पुढचं सोपं होतं.
मंडणगडच्या पेठेबाई म्हणायच्या,
भा आणि गु एकाच बाकावरचे,
डावीकडून जो आधी बसलाय त्याचा नंबर आधी.
बे आणि व मागच्या बाकावर, तसेच.

चहा रोमेलनं आणला, साखर साब्रीनं.
हरल्याचं दोघांनीही कबूल केलं नाही.
मी मात्र त्या रात्री
पेठेबाईंच्या वर्गातला पहिला नंबर होऊन झोपलो.

चार दिवसांनी रंगय्या आला,
शटरिंगचा सुतार, करीमनगरकडचा.
ऑफिसच्या उंबऱ्याबाहेर बूट काढले,
खिशातून सिमेंटच्या गोणीचा तुकडा काढला,
माझ्या टेबलावर सपाट केला.
पेन्सिलीनं लिहिलेलं: ४० + ६० ÷ २.
चाळीस त्याचे एकट्याचे.
साठ जादा कामाचे, तो आणि मल्लेश मिळून.

म्हणाला, परकारसाब,
मल्लेशला तीस मिळतात,
मला वरचे दहाच कसे?

टेबलावरचा कॅल्क्युलेटर मोठ्या बटणांचा,
सेठनं दिलेला, उन्हावर चालणारा.
मी दर महिन्याला दाबत होतो
चार शून्य, अधिक, सहा शून्य, भागिले, दोन.
त्याला कुठलं कंचेभागुबेव?
पुढ्यात येईल ते गिळतो आणि पुढचं मागतो.
शंभर झाले, शंभराचे अर्धे केले,
पन्नास म्हणाला.
आणि मी पन्नास लिहिले.
सत्तरच्या जागी.
सात महिने.

मी पुन्हा दाबलं. पन्नास.
रंगय्या आकड्याकडे नाही,
माझ्या बोटाकडे बघत होता.
मग त्यानं माझंच पेन उचललं
आणि साठ भागिले दोनभोवती
एक वेडंवाकडं कडं काढलं,
सळया हलू नयेत म्हणून तार गुंडाळतात ना,
तसं, दोनदा फिरवून, टोकाला पीळ देऊन.
शाळेत तो किती गेला होता, मी विचारलं नाही.
कंस त्याला काढता येत होता.

एकशे चाळीस रियाल.
साब्रीनं कंपनीकडून साठ सोडवले,
तेही तीन सह्या आणि एक भांडण करून.
उरलेले ऐंशी माझ्याकडे.
दर महिन्याला दहा, आठ महिने.
हा नुसता गुणाकार,
साब्रीच्या बाजूनं वाचा की माझ्या.

घरी फोनवर सांगितलं, इकडे महागाई वाढलीय.

आता पगारपत्रकात जिथे तिथे कंस घालतो,
लागत नाहीत तिथेही.
साब्री हसतो, म्हणतो, हे काय सगळं कुंपण.
गोणीचा तुकडा काचेखाली ठेवलाय.
पाचवा हप्ता घ्यायला रंगय्या काल आला,
नोट घडी करून खिशात टाकली,
वाकून काचेत बघितलं,
आणि म्हणाला,
तार जरा सैल राहिली होती, साब.