गंज

पशुगणनेच्या अर्जात चौकोन होते,
एका चौकोनात एक आकडा.
गाव खारपाण पट्ट्यातलं, दर्यापूरच्या अलीकडं,
आणि मी साताऱ्याचा.
मला गंज ठाऊक तो लोखंडाला चढणारा.

नथ्थूजी तायडे ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलेले.
शेळ्या किती?
"गंज हायेत."
मी उगाच हातपंपाकडं पाहिलं,
खाऱ्या पाण्यानं त्याची दांडी तांबडी पडलेली.
आकडा सांगा, म्हटलं.
"आकडा कायले पायजे बापा? मोजलं का कमी होतेत."
आतून बायकोचा आवाज आला,
"सात हायेत जी. एक गाभण."

सात म्हणजे गंज. लिहून घेतलं.

पुढच्या घरी कोंबड्या गंज होत्या,
तीन निघाल्या,
चौथी कालच मुंगसानं नेलेली
पण बोलण्यात अजून होती.
एक पोट्टं सायकलच्या मागं पळत सांगत होतं
बोरं गंज खाल्ली म्हणून;
मुठीत चार बिया.
देवीदास गावंड्याच्या गोठ्यात मात्र
मी स्वतः एकतीस म्हशी मोजल्या.
तो विडी विझवत म्हणाला,
"असतीन दोन-चार."

उन्हं कलली तेव्हा गुंफाबाईंचं घर आलं.
"रोशने, गंज आन व," त्या म्हणाल्या.
मी वाट पाहत राहिलो, कशाचा तरी ढीग येईल.
आलं एक जर्मनचं भांडं,
काठाला चेपलेलं, बूड काळं.
चुलीवर चढलं. चहाच तो.

जनावरं?
"नाई."
गोठा होता. दावण होती.
खुंट्यावर कासरा, नीट गुंडाळून ठेवलेला.
कधीपासून नाहीत?
"गंज दिवस झाले."

मी थांबलो.
या वेळी आतून कुणी आकडा सांगितला नाही.
रोशनी फुंकणी फुंकत होती.

चौकोनात शून्य लिहिलं.
अर्जाला तेवढंच कळतं.

माझा कप रिकामा दिसताच
गुंफाबाईंनी फडक्यानं भांडं उचललं,
"घ्या नं अजून, गंज हाये,"
आणि इतकं वाकडं केलं
की बुडाची साखर दिसली.

मी कप पुढं केला.