चवीपुरतं

एप्रिलात शाळेतून पाकीट येतं,
आत बोटाएवढी बाटली.
सकाळची पहिली लघवी, वर नाव, इयत्ता, तुकडी.
चिगुसाने ती कोटाच्या खिशात लपवून नेली.
दहाव्या वर्षी लाज मोठी असते.

रंग स्वच्छच होता. रक्त होतं,
पण डोळ्यांना न दिसणारं.
मे महिन्यात घसा धरला, ताप चढला
आणि दुसऱ्या सकाळी संडासातून हाक आली :
"बाबा, कोरा चहा सांडल्यासारखं झालंय."

मी नोतोच्या किनाऱ्यावर मीठ पिकवतो.
कावडीने समुद्र वर आणायचा,
लाकडी टोपातून वाळूवर उधळायचा,
ऊन पाणी पितं, वाळू खारावते,
मग ती पेटीत भरून वरून पाणी सोडायचं.
खालून थेंब, थेंब, थेंब.
आयुष्यभर गाळतच आलोय.

म्हणून कानाझावाच्या इस्पितळात
होरिगोमे डॉक्टर कागदावर गाळण्या काढू लागल्या
तेव्हा मी मध्येच बोललो : "पेटीचं बूड तुंबलंय."
त्या हसल्या नाहीत.
पाठीत सुई घालून त्यांनी शेवईएवढा तुकडा काढला होता,
भिंगाखाली त्यात काय चमकलं ते त्यांना ठाऊक होतं.

घशाच्या दारात पहारेकरी असतात, त्या म्हणाल्या.
जंतू आला की धरायचा, एवढंच काम.
हिचे काही पहारेकरी विणतानाच एक टाका सुटलेले.
त्यांना परके समजून दुसरे येऊन चिकटतात,
सगळा गुंता रक्तातून वाहत येतो
आणि गाळणीत बसतो.
तिथे मग आग.

"म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं?"
"नाही हो. कुंपण मोडलं, पाण्याबरोबर वाहत आलं,
पाटाच्या तोंडाशी अडकलं.
दगा कुणाचाच नाही.
खाल्ल्या मिठाला जागायलाच निघाले होते ते."
मीठ म्हटल्यावर दोघंही गप्प झालो.

टॉन्सिल काढले. स्टिरॉइडने गाल सुजले,
वर्गात कुणीतरी मोची म्हणालं.
तिने दोन दिवस मास्क काढला नाही.
दिवसाला सहा ग्रॅमच्या आत, असा कागद
फ्रिजवर लावला. सावाए आता
पत्रं तोलायच्या काट्यावर मीठ तोलते.
मिसो पातळ, लोणचं बंद,
घरात सगळेच अळणी जेवतो.

पण चाखल्याशिवाय कढई उतरवता येत नाही.
रात्रभर लाकडं सारून पहाटे
मी एक कण जिभेवर ठेवतो,
मग चूळ भरतो, ओठ पुसतो, तेव्हा घरी जातो.
कुणी पकडणार असल्यासारखा.

ती जागीच असते.
"आज कसं आलंय?"
"ठीक."
"ठीक म्हणजे कसं?"
मी बूट काढत बसतो, बराच वेळ.
"आधी टोचतं."
"मग?"
"मग, अगदी शेवटी, जरासं गोड."