अस्तर

आमच्या भट्टीला वीसएक हीट झाल्या की थांबवतात.
गार होऊ देतात. जळकं अस्तर फोडून
नवा थर ठोकून बसवतात, सावकाश.
त्या दिवशी फोरमन गंगाबिशन
मालकाचंही ऐकत नाही.

मी क्रेनवर. जालन्याच्या एमआयडीसीत
सात महिने सलग रात्रपाळी.
खांदा धरला की पहाटे तीनला
कागदी कपातल्या चहासोबत एक गोळी.
तीच गोळी पूर्वी दुपारी भाकरीवर घ्यायचो,
पोटानं कधी ब्र काढला नाही.

मग एका सकाळी शौचाला डांबरासारखं काळं.

संभाजीनगरला घाटीत दुर्बीण घातली.
मी म्हणालो, मपलं पोट
एक दिवस गैरहजर नाही राहिलं, मॅडम.
त्या म्हणाल्या, पोटालाही पाळी असते, मुंजाजी.
रात्री माणूस निजलं की आतली भिंत
आपली आपण लिंपून घेते.
तुम्ही ओल्या लिंपणावर पाय दिलात.
रोज, त्याच वेळेला.

पडद्यावर पाहिलं : पांढरी खपली, लाल कडा.
अठराव्या हीटनंतरची भट्टी अशीच दिसते.
हे अस्तर कोण कधी थांबून बघणार होतं?

आता दिवसपाळी, लोडिंगला. पगार कमी.
तरी अडीचला डोळे टक्क उघडतात.
बायको झोपेतच पोटावर हात टाकते.
मी कूस बदलत नाही.
आत कुणीतरी उकिडवं बसून
काम करत असेल.