हाताची घडी

नॉरशॉपिंगच्या चौकात एप्रिलमध्ये जे पडतं
ते धड बर्फ नसतं, धड पाऊसही नाही.
परवाना सव्वाबारा ते एक.
पोलिसांनी फितीनं अंतर मोजून कठडे लावले,
अलीकडे बोलणारा, पलीकडे ओरडणारे,
आणि बाजूला, लाकडी खोक्यावर, काळा स्वेटर घालून मी.
काळा, म्हणजे हात उठून दिसतात,
बाकीची मी दिसत नाही.

नगरपालिका मला तासावर पैसे देते.
सभा सगळ्यांना कळली पाहिजे, असा नियम आहे.
सगळ्यांत त्या दिवशी ऐकू न येणारा एकच:
आल्गोत सांदेल, वय एक्याऐंशी,
पहिल्या रांगेत, घडीची खुर्ची घरून आणलेली.

वक्ता माझ्या मुलाच्या वयाचा. टायची गाठ नीट.
तो म्हणाला, ते लोक.
माझे हात म्हणाले, ते लोक.
तो म्हणाला, उंदीर.
इथं माझी बोटं जरा अडखळली
आणि मी 'त्रास' असं काहीतरी दाखवलं.
भाषांतरात असं होतं. किंवा आपण होऊ देतो.

आल्गोतनं हात वर केला.
तो ओठ वाचतो, हे मी विसरले होते.
खुणेनं म्हणाला: हातचं राखून बोलू नकोस.
मला कळू दे माझा शेजारी काय म्हणतोय.
कुणाला भ्यायचं ते मी ठरवीन.

मग मी उंदीर म्हटलं.
तीनदा, माझ्याच हातांनी,
ज्यांनी सकाळी पावाचं पीठ मळलं होतं.

आल्गोतच्या शाळेत खुणा म्हणजे माकडचेष्टा.
तोंडानं बोला, म्हणत बाई,
आणि मुलांना हात मांड्यांखाली दाबून बसवत.
हाताची घडी, तोंडावर बोट:
ज्यांना ऐकू येतं त्यांच्यासाठी या दोन गोष्टी.
त्याच्यासाठी एकच.
जेवताना टेबलाखाली मुलं गप्पा मारायची,
एकमेकांच्या तळहातांवर, सूप निवेपर्यंत.
म्हणून तो प्रत्येक सभेला येतो. कुणाचीही असो.
पूर्ण ऐकून घेतो, मग थुंकतो.

एकला सात मिनिटं असताना
वक्त्यानं खिशातून कागद काढला.
आवाज चढवला नाही. उतरवला.
मान खाली घालून एक रस्ता वाचला. घराचा क्रमांक.
कितवा मजला. दारावरचं आडनाव.
त्या बाई किती वाजता एकट्या असतात.

मी हात खिशात घातले.

पोलीस अधिकारी वहीत शोधत होती
हे कुठल्या कलमात बसतं.
कठड्यापलीकडे ओरडणारेसुद्धा गप्प झाले.
चौकातल्या प्रत्येकाच्या कानात तो पत्ता गेला,
फक्त आल्गोतच्या नाही.
त्याला टक्कल दिसत होतं वक्त्याचं, आणि माझे खिसे.

मागाहून मला पत्र आलं:
दुभाष्यानं निवड करू नये,
निवड केली की तो दुभाषा राहत नाही.
खरं आहे. मी सही करून परत पाठवलं.
तो पत्ता मी इथंही लिहीत नाहीये.

पण त्या दिवशी, कठडे टेम्पोत चढत असताना,
आल्गोत खोक्यापाशी आला.
काय म्हणाला तो?
पत्ता, मी सांगितलं. एका घराचा.
तो बराच वेळ उभा राहिला. भिवयांवर ते अर्धवट बर्फ.
तेही मलाच ठरवू द्यायचं होतंस, म्हणाला.
मी काही बोलले नाही.
त्यानं खुर्ची मिटली, काखेत मारली
आणि मोकळ्या राहिलेल्या हातानं विचारलं,
कुठला रस्ता?
दारासमोर बसायला जागा आहे का तिथं?

मी इकडेतिकडे पाहिलं.
त्याचा हात खाली ओढून घेतला, कोटाच्या आडोशाला,
आणि तळहातावर सांगितलं,
टेबलाखाली सांगावं तसं.