पाचव्या दिवसाचं पाणी

खाली चार माग होते.
त्यांच्या खडखडाटात मी पाढे पाठ केले,
ताप काढले, भांडले, झोपले.
नाना गेले फेब्रुवारीत.
मार्चात माग गेले, किलोवर, भंगाराच्या भावानं.
टेम्पोवाल्यानं काटा दोनदा तपासला.
त्या रात्री घर इतकं गप्प झालं
की मला झोपच येईना.

मग नुसती झोपच.
भूमितीच्या पेपरला मी गेले नाही.
कंपास भरलेला होता, पेन्सिलीला टोक होतं.
केसांचा गुंता झाला, होऊ दिला.
पंख्याच्या पात्यांना सुताचा कापूस अजून चिकटलेला,
तो मोजता येतो का, बघत पडून राहायचे.
बाहेर चव्वेचाळीस डिग्री.
आत मला थंडीही नाही, ऊनही नाही.

लोक यायचे.
"घट्ट हो पोरी. धागा तुटला तर गाठ मारायची,
कापड थांबतंय होय?"
मी टॉवेल नाही, म्हणावंसं वाटायचं.
पण म्हणायलासुद्धा ताकद लागते.

आई विड्या वळता वळता विचारायची,
"तिन्नवा?"
जेवलीस का, एवढंच.
त्याच्या पुढचा प्रश्न तिला विचारता यायचा नाही
आणि मला त्याचं उत्तर.
रात्री तीनदा उठून ती माझ्या नाकाशी बोट धरायची.
बोटाला तंबाखूचा वास.
मी झोपेचं सोंग घ्यायचे.

तहसीन यायची क्लास सुटल्यावर.
उंबऱ्यात बसायची, काही विचारायची नाही.
एकदा तिनं कडक भाकरी मोडली,
काडकन्.
माग गेल्यापासून घरात झालेला पहिला आवाज.
तोंडात शेंगाची चटणी तशीच ठेवून म्हणाली,
"माझ्या भावाला पण झालं होतं बे असं.
सिव्हिलला दाखवलं. चल की."

सिव्हिलमध्ये केसपेपर, बाकडं, पुढं अकरा माणसं.
डॉक्टरबाईंनी विचारलं, रडू येतं का?
"येत नाही, तेच तर,"
म्हटलं, आणि आलं.
बाई थांबल्या. घड्याळ बघितलं नाही.
"हा आजार आहे," म्हणाल्या, "आळस नाही.
पंधरा दिवसांनी ये."
आईला निम्मं कळलं.
पण गोळ्यांच्या वेळा तिनं
विड्यांच्या हिशेबाच्या वहीत लिहिल्या,
हजाराच्या खाली.

आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी येतं,
रात्री पावणेतीनला, कधी साडेतीनला.
नळाची चाहूल नानांना लागायची.
त्या रात्री आई तापानं फणफणलेली,
आणि नळ खाकरला,
अगदी नाना खाकरायचे तसा.
मी पडून राहिले.
परत खाकरला.
उठले.
हिंमतबिंमत काही नाही,
पाणी गेलं तर पुन्हा पाच दिवस, एवढंच.
ड्रम भरला, कळश्या, बादल्या, कुकरसुद्धा.
गल्लीभर पाइपा, गल्लीभर जागरण.
पलीकडून नरसम्मा ओरडली,
"ए श्रावंती! मोटर बंद कर की,
आमच्यात थेंब येईना!"

किती महिन्यांनी कुणीतरी माझ्यावर खेकसलं होतं.
बिचारी नाही म्हटलं, पोरकी नाही म्हटलं.
मीही ओरडले,
"दोन मिनिटं थांबा की!"
माझा आवाज मलाच ओळखू येईना.

जुलैत भूमितीचा पेपर दिला.
एक प्रमेय आठवलं नाही, सोडून दिलं.
अजूनही एखादा दिवस येतो,
वेणी घालावी वाटत नाही,
तहसीन उंबऱ्यातून परत जाते.
दुसऱ्या दिवशी परत येते.

मागांच्या जागी शहाबादी फरशीवर
तेलाचे चार काळे डाग आहेत.
सोडा टाकून घासले. जात नाहीत.
एकावर मी पाण्याचा ड्रम ठेवलाय.
बाकी तीन तसेच.